नवं मार्केट, गाळा नंबर आठ

नवं मार्केट, गाळा नं. ८,
बंदरवाडी, ता. मालवण, जि. रत्नागिरी
१९ ऑक्टोबर १९६५

प्रिय दत्ताराम,

सप्रेम नमस्कार. याच्यापुढे 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे. पण विनंती तू केलेली आहेस आणि इथे विशेष असं काही उरलेलं नाही, तेव्हा ते दोन शब्द मी वाचवतो. यशोदावहिनींना नमस्कार. लीला तुम्हा दोघांची आठवण काढते, आणि माझ्यापेक्षा बऱ्या शब्दांत काढते.

तुझं पत्र दसऱ्यानंतर दोन दिवसांनी पोचलं. सावंतवाडीहून इथे यायला त्याला आठ दिवस लागले. तुला स्वतःला दहा वर्षांत जमलेलं नाही, म्हणून मी पोस्टाला नावं ठेवत नाही. अक्षर तसंच आहे, वारावर कापड मोजून वर चार बोटं जास्त सोडल्यासारखं. त्या चार बोटांवरच तू गिऱ्हाईक बांधून ठेवायचास आणि मी भिंतीपलीकडून ओरडायचो, "दत्तू, तुझ्या बापाची गिरणी आसा काय रे?"

तू विचारतोस, मार्केट कसं आहे. आहे. नाव अजून 'नवं'च आहे, कारण दुसरं कुणी ठेवलं नाही. अठरा गाळ्यांपैकी अकरांना कुलपं आहेत. फोटो स्टुडिओवाल्याच्या कुलपाला इतका गंज चढलाय की गणपतीला तो मुंबईहून किल्ली घेऊन आला, पाऊण तास खटपट केली आणि शेवटी कुलपाला हात जोडून परत गेला. त्याचा राजवाड्याचा नि हंसांचा पडदा आठवतो? बाहेर राहिलेला तो पडदा शिवाने आपल्या चहाच्या दुकानावर उन्हासाठी बांधलाय. त्यामुळे आपल्याकडे आता दोन आण्यांत राजवाड्यासमोर बसून चहा मिळतो. (नवे पैसे आले तरी शिवा आणेच मागतो.) चौकातलं कारंजं उद्घाटनाला तीन दिवस उडालं होतं, त्याच्या हौदात शिवाने अळू लावलंय. अळू फोफावलंय. मार्केटात सध्या वाढता असा तेवढाच एक धंदा.

आणि हेच मार्केट, दत्ताराम! आगबोटीच्या दिवशी उतारूंचा पडाव धक्क्याला लागायच्या आत सोडावाटरच्या बाटल्या फुटायला लागायच्या. भरपावसात छत्री न उघडता कापड, बांगड्या, वह्या, शिंपी सगळं एका छपराखाली मिळतं, हे बघायला लोक गाड्या जुंपून यायचे. बायका तर काही न घेता चार फेऱ्या मारून जायच्या आणि घरी सांगायच्या, मार्केट केलं. आता आगबोट येते तीही कधीमधी, आणि उतरणारा माणूस तडक हमरस्त्याच्या तिठ्यावरच्या एस.टी. स्टँडवर जातो. दीड मैल. वाटेत आपण लागत नाही.

आता तुझ्या विनंतीकडे येतो. खरं तर मी तिच्याकडे यायचं टाळत होतो, हे तू ओळखलं असशीलच.

मार्केटशेजारचा तुझा मोकळा तुकडा हायस्कूलच्या कमिटीला हवाय. तू तो फुकट द्यायला तयार आहेस. कमिटीचे लोक आनंदाने निम्मे वेडे झालेत. पण तू लिहितोस: "देवीने एकदा ती जमीन नाकारली आहे. तिला परत विचारल्याशिवाय तिथे पोरं बसवायची माझी छाती नाही. तिने बोलावल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही असं मी मनाशी ठरवलंय, म्हणून मी येत नाही. माझ्या वतीने तू कौल घे. हो आला तर जमीन शाळेची, आणि मीही येईन. नाही आला तर जमीन कुणालाही विकून टाकीन, आणि तो विषय माझ्यापुरता संपला."

मी घ्यायचा! कौलाला हसणारा अख्ख्या गावात एकटा मी, आणि तू मलाच पुढे उभं करतोस. मी हसलो. लीला नाही हसली.

चौपन्न सालच्या वैशाखातली गोष्ट तुला सांगायची गरज नाही. पण मला ती एकदा सरळ लिहून बघायची आहे. एस.टी.वाले स्टँडसाठी जागा शोधत होते. तू म्हणालास, माझा तुकडा घ्या, बस मार्केटच्या दारात येऊ दे. मी व्यापारी मंडळाचा चिटणीस. मी म्हणालो, बस दारात आली तर माणसं तिच्यात बसून दुसरीकडे बाजाराला जातील. मंडळ अर्धं तुझ्याकडे, अर्धं माझ्याकडे. मग गावाची रीत म्हणून सातेरी देवीच्या देवळात कौल लावला. शंकर गुरवाने पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

डावी पडली. स्टँड तिठ्यावर गेला. बाकीचं तू बघतच होतास, वर्षभर तरी.

कौलाचं म्हणशील तर शंकर गुरव तापाने पडलाय. दिवाळी होऊ दे.

तुझा,
गुरुदास

*

बंदरवाडी
८ डिसेंबर १९६५

प्रिय दत्ताराम,

नमस्कार. तुझं कार्ड आलं. कार्डावर फक्त "कौलाचं काय?" एवढंच लिहून बाकीची जागा कोरी ठेवायची, हा पोस्टाचा अपमान आहे.

शंकराचा ताप गेला. पण देवळाचं छप्पर शाकारायला काढलंय, माकडांनी फार फोडलं होतं. देवीवर ताडपत्री आहे. ताडपत्रीखालच्या देवीला काय विचारायचं? पौषात बघू.

मार्केटातली बातमी: बांगडीवाली सत्यवती तिठ्यावर गेली. पंधरा वर्षं माझ्या समोरच्या गाळ्यात बसून ती गावातल्या प्रत्येक सुनेचा हात आणि सासूचा स्वभाव ओळखून होती. सामान गाडीत चढवून झाल्यावर माझ्या पुस्तकांच्या दुकानाच्या दारात आली आणि म्हणाली,

"मास्तर, येतंय मी. तुमचो अर्ज अजून आसा काय हो?"

"कुठला अर्ज?"

"तोच, एस.टी. नको म्हणान लिवल्लो. आमका वाचून दाखयलो तेव्हा आमी काय हसलों! माका वाटता, तो काचेत घालून लावा आता. गिऱ्हाईक येवचा नाय, पण बघूक तरी कोण येयत."

शिरा पडली माझ्या तोंडार! माझाच विनोद माझ्यावर उलटला.

तो अर्ज खरंच चांगला होता. कलम एक, धुळीने कापड खराब होईल. कलम दोन, भोंग्याच्या आवाजाने म्हशी दूध चोरतील. कलम तीन, बसमध्ये चढलेला मनुष्य परत येईल याची हमी महामंडळ देणार काय? वाचताना मंडळाची बैठक हसून हसून लोळली होती. तू एकटा हसला नाहीस. तू उठून एवढंच म्हणालास, "गुरुदास, हसवतस बरो. पण माणूस जाता तो रस्त्यान जाता. रस्तो आपल्या दारात आणूया." आणि मी म्हणालो, "रस्तो तुझ्या दारात, भाडा तुझ्या खिशात!" पुन्हा हसले सगळे.

तिसरं कलम अक्षरशः खरं ठरलं बघ. माणसं तिठ्यावर बसमध्ये चढतात ती कुडाळला उतरतात, सावंतवाडीला उतरतात. गोवा मोकळा झाल्यापासून तर पोरं इन्सुलीच्या नाक्यावरून अंगात दोन-दोन टेरिलीनचे शर्ट घालून येतात. कापडवाला शेवटचा गेला तो त्यामुळे. तू असतास तर टिकला असतास. चार बोटांवर.

तुझ्या आधीच्या पत्रातलं एक वाक्य मी वाचलं आणि पत्र मिटलं होतं. काल परत उघडलं. "यशोदेचे मंगळवार अजून चालू आहेत." म्हणजे काय रे? तेव्हापासूनचे? अकरा वर्षं वहिनी दर मंगळवारी उपाशी राहतात, देवीचा राग जावा म्हणून?

आणि तू पुढे लिहिलंस की ती जमीन राधाबाईकाकीकडून तू तिच्या पडत्या काळात घेतलीस, विधवेची जागा. म्हणून देवीने नाकारली. हे तुझ्या डोक्यात कुणी भरलं? काकी जायच्या आधी दोन महिने माझ्याकडे पंचांग न्यायला आली होती. मला म्हणाली, "दत्तून माका फसवल्यान नाय हां. मीच तेच्या गळ्यात मारलंय. तेणा नको नको म्हणत घेतल्यान." तिच्याच तोंडचे शब्द. हे तुला मी आधी कळवायला हवं होतं. कौलानंतर गावात त्या तुकड्याला 'नाकारलेली जमीन' म्हणायला लागले, गुरं चारायलासुद्धा कुणी घेईना, आणि पाणवठ्यावर बायका वहिनींना बघून बोलायच्या थांबायच्या, हे मी बघत होतो. बघत होतो आणि पुस्तकं विकत होतो. म्हणजे विकायचा प्रयत्न करत होतो.

माझं ऐक. कौलबिऊल सोड. जमीन सरळ शाळेला देऊन टाक. कागद मी तयार करतो, तू सही कर. पोरांना बसायला देवीची हरकत कशाला असेल?

लीला आत्ता मागे उभी राहून वाचून गेली. म्हणाली, "देवळात जावक तुमका झाला काय? तेणा एक काम सांगल्यान." मी म्हणालो, छप्पर. ती म्हणाली, "छप्पर परवाच झाला."

तुझा,
गुरुदास

*

बंदरवाडी
२० जानेवारी १९६६

दत्ताराम,

तुझं रागाचं पत्र मिळालं. "तुला जमत नसेल तर सांग, मी शंकराला परस्पर लिहितो." लिहू नकोस. मी सांगतो म्हणून लिहू नकोस.

मी परवा शंकराकडे गेलो होतो. ओसरीवर पडून होता, हाडांचा सापळा झालाय. ताप गेला म्हणून मी तुला लिहिलं; ताप गेला तो जाताना माणूस घेऊन गेला. मी मोसंबी नेली होती, ती त्याने बाजूला ठेवली. मग म्हणाला,

"मास्तर, दत्तारामाचा पत्र इला म्हणतत."

"आलं."

"कौल व्हयो तेका."

"हो."

"मगे तुमी तीन म्हयने माका इचारूक कित्याक येवक नाय?"

मी छप्पर म्हणालो, ताप म्हणालो. आगबोटसुद्धा म्हणालो असेन. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग डोळे मिटून एवढंच म्हणाला, "त्या दिवशी वारो नाय होतो, मास्तर. झाडाचा पान हलत नाय होता."

मी उठलो. मोसंबी सोलून द्यायची राहिली.

मार्केटात आता आम्ही चार आहोत: मी, शिवा, न्हावी आणि अळू. परवा एक गाडी बाहेर थांबली. आतल्या माणसाने मला विचारलं, "इथे पूर्वी मोठा बाजार होता म्हणे, तो कुठे?" मी म्हणालो, सरळ जा, तिठ्यावर विचारा.

थोडा वेळ दे.

गुरुदास

*

गाळा नं. ८
२७ मार्च १९६६

प्रिय दत्ताराम,

शंकर गुरव महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी गेला. तुला कुणीतरी कळवलं असेल. त्याचा पुतण्या आता पूजा करतो, मन लावून करतो.

शंकर गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते तुला सांगतो, म्हणजे पुढचं तुला समजेल. पहिलं आलं: सुटलो. आता कुणाला माहीत नाही. ते मनात आल्यावर मी गाळ्यातल्या गाळ्यात येरझाऱ्या घालायला लागलो. नऊ पावलांचा गाळा, दत्ताराम. दोन दिवस घालत होतो. शिवाने येऊन विचारलं, "मास्तर, काय हरावला?"

हे ऐक. चौपन्न सालच्या त्या दिवशी देवळात किती उकडत होतं तुला आठवत असेल. सगळं गाव आत कोंबलेलं. शंकराने गाऱ्हाणं घातलं, लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले, पाकळ्या लावल्या, आणि दोन्ही पाकळ्या जागच्या हलेनात. पंधरा मिनिटं. वीस मिनिटं. तू हात जोडून डोळे मिटलेले. मी सगळ्यांत पुढे, डाव्या बाजूला, चिटणीस म्हणून. हातात वारा घ्यायला लीलेचा तो वेताचा विंझणा. मग उजवी पाकळी खालच्या टोकाने सुटायला लागली. मी बघितलं. शंकराने बघितलं. बाकी कुणाला तिथून दिसत नव्हतं. अजून एक क्षण, आणि ती पडली असती.

मी डावीकडे दोनदा वारा घातला. अंगावर घेतल्यासारखा घातला, पण माझ्या अंगावर नाही.

डावी पडली. लोकांनी हुश्श केलं. तू डोळे उघडलेस, पाषाणावर बघितलंस, आणि नमस्कार केलास. तुझा तो नमस्कार मी बारा वर्षं विसरायचा प्रयत्न करतोय. शंकराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि उजवी पाकळी स्वतःच्या हाताने काढून घेतली. तो कधीच बोलला नाही. कित्येकदा वाटतं, बोलला असता तर मी त्याला खोटं पाडलं असतं, आणि ते त्याला माहीत होतं.

का केलं? मार्केटसाठी केलं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. मार्केट बुडालं तसं ते कारणही बुडालं. खरं असं आहे की माझा अर्ज वाचून लोक हसले होते आणि तुझी साधी चार वाक्यं ऐकून गप्प झाले होते. हसणारी माणसं घरी जाऊन विसरतात, गप्प झालेली विचार करतात, एवढं मला कळत होतं. शिवाय स्टँड तुझ्या जागेत आला असता तर उद्या गावाने मला नाही, तुला विचारलं असतं. आपण एकाच भिंतीचे दोन गाळे, आणि मला तुझं मोठं होणं बघवलं नसतं. आणि तिसरं, सगळ्यांत वाईट: मला वाटलं, पाकळी तर आहे. देव कुठे आहे त्यात? कुणाचं काय बिघडणार? जो कौल मानत नाही त्याच्या हातून तो फिरला तर तो खेळ. तू मानतोस, हे मी त्या क्षणी हिशेबात धरलं नाही. वहिनी मानतात, हे तर मला सुचलंच नाही.

देवीने तुझी जमीन नाकारली नव्हती. तिला एक क्षण दिला असता तर तिने हो म्हटलं असतं. नाकारली मी.

वहिनींना सांग, येत्या मंगळवारी जेवा. हे मी सांगणं किती निर्लज्जपणाचं आहे ते मला कळतं. तरी सांग.

लीलेला मी सांगितलं. ती आत गेली, आणि तो विंझणा (तोच, दांडा बदललेला) घेऊन आली. चुलीत घालील असं मला वाटलं. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "सांभाळून ठेवा. दत्तारामभाऊ येतले तेव्हा दाखवूक व्हयो."

मग मी शिवाच्या राजवाड्यासमोर बसून चार माणसांना सांगितलं. तुझ्या नावाला लागलेला बट्टा गावातच धुवायला हवा, पत्रातून धुतला जात नाही. न्हावी होता, शाळा कमिटीतले गणपतराव होते, धक्क्यावरचे दोन खलाशी होते. मला वाटलं, मारतील. निदान थुंकतील. अरे, कुणी मानेचना! न्हावी म्हणाला, "मास्तर, तुमी गजाली बऱ्यो करतास." आणि शिवा, माझ्या ग्लासात न मागता दुसरा चहा ओतत, अगदी समजूत काढल्यासारखं म्हणाला,

"तुमी जीवाक लावून घेव नकात. देवीच्या मनात होता, म्हणान तुमचो हात हल्लो. नायतर तुमच्या विंझण्याक काय जोर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गणपतरावांनीसुद्धा.

बघ कशी गंमत. अर्जाचे विनोद खरे मानणाऱ्या माणसांना माझ्या तोंडचं पहिलं खरं वाक्य विनोद वाटलं. आणि शिवाने जे दिलं ते केवढं सोयीचं आहे! हात माझा, इच्छा देवीची. आयुष्यभर ज्याची टिंगल केली तोच देव आता माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभा. मी फक्त मान डोलवायची. मी चहा तसाच ठेवून उठलो. हात माझाच होता, दत्ताराम. हे एवढं एक मी देवीला देणार नाही.

म्हणून तुझ्या वतीने मी कौल घेतलेला नाही आणि घेणार नाही. ज्याने एकदा ती पाकळी पाडली त्याने परत तिच्यापुढे उभं राहू नये. त्यातून उजवी पडली तर तू म्हणशील देवीने माफ केलं, आणि ती माफी माझ्या हातून मिळालेली असेल, म्हणजे पुन्हा खोटीच. तू ये. स्वतः विचार. तिने बोलावलं नाही म्हणून तू थांबलास. तिने तुला कधी घालवलंच नव्हतं. मी दीपमाळेपाशी बाहेर उभा राहीन, रिकाम्या हातांनी. आणि न यावंसं वाटलं तर येऊ नकोस. नुसती सही पाठव, मी कागद शाळेला देईन. किंवा जमीन वीक, तो तुझा हक्क आहे. कमिटीला मी सांगेन की त्यांची शाळा माझ्यामुळे गेली. तेव्हा तरी विश्वास ठेवतील.

एक राहिलं. तुझ्या सात नंबरच्या गाळ्याची किल्ली मी मार्केटच्या मालकाकडून मागून घेतली. दोन आठवडे ती खिशात होती. काल उघडला. आत काही नाही, कपाटाच्या मागे तुझी लोखंडी गजपट्टी पडलेली मिळाली. आपल्या दोन गाळ्यांमधल्या भिंतीतल्या खिडकीला तू तुझ्या बाजूने फळी ठोकली होतीस. चार खिळे, आणि एकेक खिळा तू किती रागाने मारला होतास ते काढताना मला कळलं. फळी काढली. पलीकडे माझा गाळा दिसला: वह्या, पंचांगं, आणि माझी रिकामी खुर्ची. इतकी वर्षं तुला त्या बाजूने काय दिसत होतं ते मी पहिल्यांदा बघितलं.

पावसाच्या आत मालक छप्पर उतरवणार आहे. छपराचे मातीचे नळे विकायचे आहेत. मला म्हणाला, मास्तर, मे अखेर गाळा सोडा. म्हणजे तुला यायचं तर वैशाख आहे. तेव्हाही उकडत असेल.

हो किंवा नाही, जे असेल ते एका कार्डावर लिही; बाकीची जागा कोरी ठेवलीस तरी चालेल. यावेळी दोन्ही पाकळ्या तुझ्या हातात आहेत, आणि वारा घालायला मी जवळ नाही.

तुझा होतो. आहे की नाही, ते तू लिहिशील तेव्हा,

गुरुदास